व्हेरिएबल एनडी फिल्टर (६७ एमएम): स्टॉपर नसलेल्या रिंगचा ताप आणि बाकीचं सगळं

पुढची रिंग जाम. पाचेक स्टॉपवर (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो) अडकून बसली आहे, ना इकडे हलत ना तिकडे. डब्यावर एक वर्षाची वॉरंटी छापलेली, बिल जपून ठेवलेलं, आणि काउंटरवरून उत्तर काय, तर ‘भाऊ, काचेला कसली वॉरंटी? यात रंग शिरलाय, हे फिजिकल डॅमेज.’ काचेवर ओरखडासुद्धा नाही. अडकली आहे ती रिंग, आणि ती का अडकते हे फिल्टर विकणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने बेल्ट आणि पाकिटं विकावीत.

तूर्त दोन स्टार. पुढे अपडेट आहे, तिथे आकडा बदलला आहे. कंपनीचं आणि दुकानाचं नाव देत नाही, कारण दोष नेमका कुठे असतो ते कळलं की कुठल्याही नावाचा फिल्टर दुकानातच तपासता येतो.

कॅमेरा कॅनन २००डी मार्क टू. लेन्स दोन: किटमधली १८-५५ एफ/४-५.६ आयएस एसटीएम आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. पहिलीचा थ्रेड (फिल्टर बसवायचे आटे) ५८ एमएम, दुसरीचा ४९. फिल्टर ६७ चा आणि ५८-६७, ४९-६७ अशा दोन स्टेप-अप रिंगा, म्हणजे लहान थ्रेडवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या. प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, १८ एमएमवर, म्हणजे सगळ्यात रुंद दृश्यावर, कोपरे काळे होत नाहीत, आणि पुढेमागे १०-१८ घेतली तर तिचा थ्रेड ६७ च आहे. तोटा एकच, किट लेन्सचं हूड बसत नाही. बाजूने ऊन येत असेल तर हाताचा किंवा पुठ्ठ्याचा आडोसा धरावा लागतो.

एनडी म्हणजे लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काळपट काच, याहून जास्त इथे सांगत बसत नाही. पण तो नाशिकमध्ये का लागतो याचा हिशोब मांडायला हवा, कारण ‘शटर वाढवा की, फिल्टर कशाला’ हा सल्ला फुकट मिळतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो.

फेब्रुवारी-मार्चमधलं निफाड-दिंडोरीचं दुपारचं ऊन घ्या. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/१०० सेकंदाला एफ/१६ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) हा जुना हिशोब इथे बरोबर लागू पडतो. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, हालचाल नैसर्गिक दिसायला शटरचा आकडा त्याच्या दुप्पट, म्हणजे १/५०, म्हणजे एफ/२२. आता एफ/२२ वर दोन गोष्टी बिघडतात. एक, चित्र एकूणच मऊ पडतं. या सेन्सरवर एफ/११ च्या पुढे धार कमी होत जाते. दुसरी जास्त त्रासाची: सेन्सरवरची धूळ. द्राक्षबागेतल्या धुरळ्यात एकदा लेन्स बदलली असेल तर एफ/५.६ ला न दिसणारे ठिपके एफ/२२ ला आभाळात मोजता येतात. फोटोतला ठिपका एका क्लिकवर पुसला जातो. व्हिडिओत कॅमेरा हलला की ठिपका जागच्या जागी आणि मागचं दृश्य सरकतंय, म्हणजे लपवायची सोयच नाही.

आणि शटर १/१००० केलं तर? ते नाशिक ढोलावर करून पाहा. टिपरू हवेत गोठलेलं दिसतं, मग एकदम ढोलावर, मग पुन्हा हवेत. ताशाच्या काड्या तर फ्रेमागणिक तुटक उड्या मारतात. आवाज सलग आणि हात तुटक, असा तो व्हिडिओ पाहताना डोळे शिणतात. १/५० ला तीच काडी पंख्यासारखी पसरते आणि ठेका डोळ्यालाही कळतो. ५० फ्रेमवर घेऊन नंतर निम्म्या वेगाने दाखवायचं असेल तर शटर १/१००. या दोन आकड्यांबाहेर जाऊ नका, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि मंडपातल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/६० ला चित्रात पट्टे दिसू लागतात. मेनूत व्हिडिओ सिस्टिम एनटीएससी राहिली असेल तर २५ आणि ५० हे पर्याय दिसणारच नाहीत, आधी पाल करून घ्या.

तर एफ/२२ वरून एफ/५.६ वर यायला चार स्टॉप अडवावे लागतात, एफ/२.८ ला सहा, आणि एफ/१.८ ला सातहून थोडे जास्त. त्यात हायलाइट टोन प्रायॉरिटी चालू ठेवली (ढोल पथकाचे पांढरे कुर्ते आणि घाटावरची धोतरं जळू नयेत म्हणून ठेवावी) तर आयएसओ २०० च्या खाली उतरत नाही, म्हणजे आणखी एक स्टॉप. डब्यावर ‘एनडी २ ते ४००’ लिहिलेलं असतं, म्हणजे साडेआठ स्टॉपपर्यंत. ते वाचून भुलू नका. व्हेरिएबल एनडी म्हणजे एकमेकांवर फिरणाऱ्या दोन पोलरायझर काचा, प्रत्येक काच एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडते. त्या जवळजवळ काटकोनात आल्या की मधल्या आणि कडेच्या प्रकाशाला सारखं अडवत नाहीत, आणि फ्रेमवर काळी फुली उमटते. १८ एमएमवर ती सहा स्टॉपच्या पुढे दिसायला लागते, ५० वर उशिरा. कामाचा पट्टा दोन ते सहा स्टॉपचा, उरलेले डब्यावरच.

आता स्टॉपरकडे, म्हणजे रिंगला टोकाला थांबवणाऱ्या अडसराकडे येतो. यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण घेताना हे कोणी सांगत नाही.

चांगल्या फिल्टरची रिंग दोन्ही टोकांना थांबते. या फिल्टरची थांबत नाही, गरागरा फिरते. आणि पोलरायझरचा गुण असा की पूर्ण ३६० अंशांत तो दोनदा सगळ्यात काळा आणि दोनदा सगळ्यात उजळ होतो. म्हणजे काळं करायला उजवीकडे फिरवायचं की डावीकडे, याला उत्तरच नाही. एका बाजूला फिरवत गेलात तर काळा होतो, फुली येते, फुली जाते, पुन्हा उजळायला लागतो. कडेला छापलेले ठिपके एका पाव वर्तुळाला लागू, पुढच्या पाव वर्तुळात उलटे. रिंग हलकी असल्याने मिरवणुकीत नुसता तळहात घासला तरी स्टॉपभराने उजेड बदलतो आणि उन्हात स्क्रीनवर ते लगेच समजत नाही. घरी आल्यावर समजतं, की ढोल सुरू झाला तेव्हाचा पांढरा कुर्ता तिसऱ्या आवर्तनात राखाडी झालाय. यावर एकच उपाय टिकतो: उजेड ठरला की पुढच्या आणि मागच्या रिंगवर मिळून कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा. प्लॅस्टिकची नको, उन्हात तिचा गोंद रिंगेवर राहतो.

दुसरं, फिल्टर काढताना. पुढची रिंग मोकळी फिरते म्हणून तिला धरून फिल्टर उघडता येत नाही. मागची जेमतेम तीन-चार मिलिमीटरची रिंग चिमटीत धरावी लागते. बोटं दाबली की ॲल्युमिनियमची ती पातळ रिंग किंचित लंबगोल होते आणि थ्रेडमध्ये आणखी आवळते. चिमटीने उघडत नाही ते असं. तळहात सपाट ठेवून, कडेला सगळीकडून सारखा जोर देऊन फिरवायचं. न निघाल्यास दोन रुंद रबर बँड, एक फिल्टरच्या मागच्या रिंगेवर आणि एक स्टेप-अपवर, मग विरुद्ध दिशेने. स्टेप-अप शक्यतो पितळी घ्या, थोडी महाग असते पण ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम जसं चिकटून बसतं तसं पितळ बसत नाही.

तिसरं, जाम होणं. स्टॉपर असलेली रिंग साधारण पाव वर्तुळात मागेपुढे होते. नसलेली दिवसभर गोल फिरत राहते, आणि दोन रिंगांमधल्या फटीत शिरलेली बारीक धूळ ग्रीसमध्ये कालवली जाऊन पूर्ण वर्तुळभर पसरते. रंगपंचमीला शनि चौक, तिवंधा किंवा दिल्ली दरवाजाच्या रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) कॅमेरा नेणाऱ्यांना सांगायला नको, की तिथे फक्त रंगाचं पाणीच नसतं, कोरडा गुलालही हवेत असतो. ओलाव्यावर गुलाल बसला, वाळला, की रिंग गेली. यात काचेचा संबंधच नाही. याला फिजिकल डॅमेज म्हणायचं तर पावसात छत्री भिजली यालाही म्हणता येईल.

रंग उडालाच तर क्रम असा: फिल्टर खाली तोंड करून धरायचा, आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा ब्लोअर. कोरडा गुलाल फडक्याने पुसायचा नाही, कोटिंग खरडलं जातं. शेवटी लेन्सचं लिक्विड फडक्यावर घ्यायचं, काचेवर कधीच नाही. काचेवर टाकलेला थेंब कडेने आत उतरतो आणि दोन काचांच्या मध्ये जो डाग पडतो तो फिल्टर उघडल्याशिवाय निघत नाही. कॅमेऱ्याला पाण्या-धुळीपासून संरक्षण देणारं सीलिंग नाही, त्यामुळे रहाडीच्या काठावर लेन्स बदलायची नाही, हे ओघानेच आलं.

आता ज्यासाठी पैसे वसूल झाले ते. द्राक्षबागेत हा फिल्टर कमाल करतो. दुपारी पानांवर जी पांढरी चकाकी येते ती पोलरायझरमुळे जाते, पान खरंच हिरवं दिसतं आणि घडावरची पांढुरकी झाक उठून येते. ओळीत भर ऊन आणि मांडवाखाली त्याहून दोन-तीन स्टॉप कमी उजेड, अशा ठिकाणी साधा एनडी सतत काढ-घाल करावा लागला असता. इथे रिंग फिरवली की झालं. मात्र शॉट चालू असताना फिरवू नका, उजेडाबरोबर चकाकीही बदलते आणि ते डोळ्याला खटकतं.

मांडवाखाली आणखी एक भानगड आहे. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, त्यात फिल्टरचा पिवळेपणा मिसळतो, आणि माणसाचा चेहरा काविळीचा दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ते) शॉटच्या मधेच मत बदलतो. म्हणून कस्टम. फिल्टर लावून, रिंग हव्या त्या जागी आणून, त्याच उजेडात कोरा पांढरा कागद फ्रेमभर घ्यायचा. लिव्हर व्हिडिओवरून फोटोवर आणून एक फोटो, मग मेनूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो निवडायचा, मग व्हाइट बॅलन्स ‘कस्टम’ला ठेवायचा. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि मग फिल्टरला शिव्या देतात. घडांना बांधलेला वर्तमानपत्राचा कागद यासाठी चालत नाही, तो पिवळट असतो. रिंग दोन स्टॉपच्या वर फिरवली तर हे पुन्हा करावं लागतं, कारण गडद होताना पिवळेपणाही वाढतो.

पिक्चर स्टाइल न्यूट्रल, कॉन्ट्रास्ट दोन घर खाली, शार्पनेस शून्य, ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर बंद. यापेक्षा जास्त सपाट करू नका, ८ बिटच्या, म्हणजे मोजक्याच छटांच्या, फाइलमध्ये आभाळाला पायऱ्या पडतात.

पाण्यावर मात्र विचार करून वापरा. गोदाघाटावर देवळांचं पाण्यातलं प्रतिबिंब हवं असतं, आणि उजेड कमी करायला रिंग फिरवली की नेमकं तेच पुसलं जातं. गंमत अशी की पुढची काच पोलरायझरचा कोन ठरवते आणि दोन काचांमधला फरक उजेड ठरवतो. म्हणून उजेड जमला की पुढच्या रिंगला हात न लावता मागची रिंग थ्रेडवर जास्तीत जास्त पाव वेढा सैल करायची, दोन्ही काचा एकत्र फिरतात, उजेड तोच राहतो आणि प्रतिबिंब परत येतं. पाव वेढ्याच्या पुढे जाऊ नका, खाली रामकुंड आहे.

गंगापूर धरणावर आभाळ घेऊन कॅमेरा फिरवायचा असेल तर फिल्टर काढा आणि साधा एनडी लावा. सूर्यापासून काटकोनात असलेलं आभाळ पोलरायझरमधून सगळ्यात काळं दिसतं, त्यामुळे १८ वर डावीकडून उजवीकडे जाताना मधेच निळा काळपट पट्टा येऊन जातो. गाडीच्या मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि लग्नात एलसीडी टीव्हीवर फोटो चालू असतील तर तो टीव्ही काळा किंवा इंद्रधनुषी दिसतो. हे दोष या फिल्टरचे नाहीत, सगळ्याच व्हेरिएबलचे आहेत.

किट लेन्सबद्दल एक. १८ वर एफ/४, ५५ वर एफ/५.६. एफ/४ वर शॉट सुरू करून झूम केला की स्टॉपभर काळोख. आधीच एफ/५.६ लावून ठेवा, झूम कुठेही जावो, उजेड बदलत नाही. ५५ वर धारही तपासा, स्वस्त व्हेरिएबल तिथेच उघडे पडतात: फिल्टर लावून आणि काढून, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून पाटीवरची अक्षरं पाहायची. हा फिल्टर ५५ वर पास झाला, काठावर.

फोरकेचा मोह असेल तर इतकंच की या बॉडीत फोरकेला सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, १८ ची लेन्स फुल फ्रेमच्या हिशोबाने २९ ऐवजी ४६ च्या आसपास बघते, म्हणजे दृश्य अरुंद होतं, आणि ड्युअल पिक्सेल हा वेगवान ऑटो फोकस बंद होतो. फुली उशिरा दिसते हा एक आडवा फायदा, पण ढोलवाला पुढे-मागे नाचतोय आणि फोकस शोधत बसलाय हे कोणाला हवंय? फुल एचडी बरं. आवाजाचं इथे काढत नाही. ढोलासमोर माइक ऑटोवर ठेवणाऱ्याला कुठलाही फिल्टर वाचवू शकत नाही.

अपडेट: दुकानाचा नाद सोडून थेट कंपनीच्या कस्टमर केअरला तीन गोष्टी पाठवल्या. बिलाचा फोटो, डब्यावरच्या वॉरंटीच्या ओळीचा फोटो, आणि रिंग फिरत नाही पण काच स्वच्छ आहे हे दाखवणारा छोटा व्हिडिओ. पहिलं उत्तर छापील, तेच फिजिकल डॅमेजचं. त्यावर ‘वॉरंटीच्या अटींत रिंग वगळल्याचं कुठे लिहिलंय ते दाखवा’ एवढं एकच वाक्य. फिल्टर मागवून घेतला आणि बदलून दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तयार ठेवला होता, वेळ आली नाही. पाठवण्याचं कुरिअर मात्र आपल्या खिशातून, आणि फिल्टरच्या किमतीच्या मानाने ते टोचतं.

बदलून आलेल्या फिल्टरला दोन्ही टोकांना स्टॉपर आहेत! डबा तोच, छापलेले आकडे तेच, रिंग वेगळी. काळ्या टोकाचा स्टॉपर फुली यायच्या जरा आधी बसवलाय, सहा स्टॉपला. म्हणजे ५० एमएम भर दुपारी आयएसओ १०० लाही एफ/१.८ ला वापरता येत नाही, एफ/२.८ वर थांबावं लागतं. चालेल. रिंग जड आहे, तळहात घासून हलत नाही, चिकटपट्टी लागत नाही. पिवळेपणाही कमी वाटतो, पण कस्टम व्हाइट बॅलन्स सोडलेला नाही. स्टॉपरचा एक उलटा गुण ध्यानात ठेवा: टोकाला पोचल्यावर आणखी जोर लावला तर पूर्ण फिल्टरच थ्रेडवर आवळला जातो, आणि पुन्हा रबर बँड. चार स्टार. पाचवा कुरिअरचा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी आत्तापासून सामान जमवणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी दुकानात करायची तपासणी. कॅमेरा सोबत न्या. फिल्टर लावून १८ वर, कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे रोखून, रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. थांबली नाही तर परत द्या, किंमत विचारूही नका. फुली कुठे येते ते पाहा. पांढऱ्या कागदाचा रंग दोन्ही टोकांना पाहा. झाकण लावून फिल्टर उलटा धरून हलवा, कारण पुढचा व्यास बहुधा थ्रेडपेक्षा मोठा असतो, लेन्सचं झाकण बसत नाही आणि डब्यातलं झाकण सैल निघतं. याच्यासोबतचंही सैल आहे.

रात्रीच्या आरतीला आणि मंडपात फिल्टर काढून ठेवा. सगळ्यात उजळ जागीही तो स्टॉप-दीड स्टॉप खातो, म्हणजे जिथे आयएसओ १६०० ला भागलं असतं तिथे ३२०० च्या वर जावं लागतं. सजावटीच्या स्वस्त एलईडी माळा १/५० लाही लुकलुकतात, त्यांचं गणित विजेच्या ५० हर्ट्झशी नसून त्यांच्या डिमरशी असतं. मंडपवाल्याला सांगून डिमर पूर्ण उघडून घ्या, बऱ्याचदा पट्टे तिथेच थांबतात. आणि जे फक्त रात्रीची लग्नं करतात त्यांनी या फिल्टरवर पैसे घालू नयेत, तेवढ्यात या कॅमेऱ्याची एक जादा एलपी-ई१७ बॅटरी घ्यावी.